कंट्रोल लाइन प्रतिकृती विमानांसाठी प्रोपेलरची निवड

कंट्रोल लाइन प्रतिकृती विमानांसाठी प्रोपेलरची निवड म्हणजे तारांच्या साहाय्याने वर्तुळात उडविल्या जाणाऱ्या लहान विमानाचे इंजिन, आकारमान, वजन, तारांची लांबी आणि उड्डाणाचा प्रकार विचारात घेऊन त्यास योग्य व्यासाचा, पिचचा व पात्यांचा पंखा ठरविण्याची प्रक्रिया होय. या प्रकारच्या विमानात उड्डाण चालू असताना इंजिनाचा वेग बदलण्याची सोय बहुधा नसते. त्यामुळे विमानाचा वेग, तारांमधील ताण आणि पर्यायाने वैमानिकाचे नियंत्रण ही तिन्ही मोठ्या प्रमाणात जमिनीवर केलेल्या या निवडीवर अवलंबून राहतात. भारतात हा छंद मुख्यत्वे राष्ट्रीय छात्र सेनेच्या (एनसीसी) हवाई शाखेतील एरोमॉडेलिंग प्रशिक्षणामुळे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला आहे.

पार्श्वभूमी

कंट्रोल लाइन विमान दोन बारीक पोलादी तारांनी वैमानिकाच्या हातातील मुठीस जोडलेले असते. वैमानिक वर्तुळाच्या मध्यभागी उभा राहतो आणि विमान त्याच्याभोवती फिरते. मूठ वर-खाली कलविल्यावर एक तार ओढली जाते व दुसरी सैल सोडली जाते. विमानातील बेलक्रँक हा तरफेचा भाग ही हालचाल शेपटीच्या एलिव्हेटरपर्यंत पोहोचवितो आणि विमान चढते किंवा उतरते. अमेरिकेतील जिम वॉकर यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी ‘यू-कंट्रोल’ या नावाने ही पद्धत लोकप्रिय केली.

आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या (एफएआय) नियमांत या विमानांचा एफ-२ हा गट आहे. त्यात वेग (एफ-२ए), कसरती (एफ-२बी), सांघिक शर्यत (एफ-२सी) आणि झुंज (एफ-२डी) असे उपप्रकार येतात. वेगाच्या प्रकारात २.५ सीसी क्षमतेचे इंजिन व १७.६९ मीटर त्रिज्या असते, त्यामुळे नऊ फेऱ्यांत एक किलोमीटर अंतर पूर्ण होते. सांघिक शर्यतीत १५.९२ मीटर त्रिज्येच्या दहा फेऱ्यांचा एक किलोमीटर होतो.

राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेची सुरुवात १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कोलकाता येथे प्रत्येकी एका हवाई स्क्वाड्रनने झाली. पुढे विदर्भात नागपूर येथेही हवाई स्क्वाड्रन कार्यरत झाले. हवाई शाखेच्या अभ्यासक्रमात एरोमॉडेलिंगचा समावेश असून अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरातील स्पर्धांमध्ये कंट्रोल लाइन उड्डाणास स्थान आहे. कोलकात्यात तयार होणारी ‘ऑरोरा’ ही लहान डिझेल इंजिने भारतीय छांदिष्टांमध्ये दीर्घकाळ परिचित राहिली.

व्यास व पिच

प्रोपेलरचे माप दोन आकड्यांत सांगितले जाते व ते प्रथेने इंचांत असते. १०×६ या मापातील पहिला आकडा व्यास आणि दुसरा पिच दर्शवितो. पात्यांची टोके ज्या वर्तुळात फिरतात त्याचा व्यास येथे १० इंच, म्हणजे २५.४ सेंटिमीटर असतो. लाकडात फिरविलेला स्क्रू एका फेऱ्यात जेवढा आत जातो, त्याप्रमाणे हवा घन पदार्थासारखी असती तर प्रोपेलर एका फेऱ्यात जेवढा पुढे गेला असता ते अंतर म्हणजे पिच. ते येथे ६ इंच, म्हणजे सुमारे १५.२ सेंटिमीटर आहे.

पिच आणि फेऱ्यांची संख्या यांच्या गुणाकारास पिच-वेग म्हणतात. १०×६ प्रोपेलर मिनिटास १०,००० फेरे घेत असेल, तर त्याचा पिच-वेग ताशी सुमारे ९१ किलोमीटर येतो. प्रत्यक्षात हवा मागे सरकत असल्याने विमानाचा वेग यापेक्षा कमी राहतो. या फरकास घसर म्हणतात. सरळ उड्डाणात ती साधारणपणे १० ते २० टक्के धरली जाते.

व्यास मोठा असल्यास अधिक हवा मागे ढकलली जाते व कमी वेगात जास्त रेटा मिळतो. पिच मोठा असल्यास वेगाची कमाल मर्यादा वाढते, परंतु उड्डाणाच्या सुरुवातीस व चढताना ओढ कमी पडते. या दोन गुणांची तुलना वाहनाच्या गिअरशी केली जाते. मोठा व्यास व लहान पिच हा घाट चढण्याचा गिअर, तर लहान व्यास व मोठा पिच हा सपाट रस्त्यावर धावण्याचा गिअर होय.

इंजिनावर पडणारा भार

प्रोपेलर फिरविण्यास लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे १० टक्क्यांनी वाढवायचे असतील, तर सुमारे ३३ टक्के अधिक शक्ती लागते. समान आकाराच्या प्रोपेलरांत ही शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलते. व्यास व पिच स्वतंत्रपणे बदलत असतील, तर ‘व्यासाचा चौथा घात गुणिले पिच’ हा ढोबळ भारांक तुलनेसाठी वापरता येतो.

व्यास एक इंच वाढविल्यास पिच एक इंच कमी करावा, म्हणजे भार तेवढाच राहतो, असा एक नियम छांदिष्टांमध्ये रूढ आहे. भारांकाच्या आधारे पाहता तो केवळ अंदाजापुरताच उपयोगी ठरतो:

• १०×६ : भारांक ६०,०००
• ११×५ : भारांक ७३,२०५ (सुमारे २२ टक्के अधिक)
• ११×४ : भारांक ५८,५६४ (जवळजवळ समान)
• ९×७ : भारांक ४५,९२७ (सुमारे २३ टक्के कमी)

व्यासातील बदलाचा परिणाम पिचमधील बदलापेक्षा कितीतरी तीव्र असतो, हे यावरून दिसते. म्हणून व्यास बदलताना अर्ध्या इंचाच्या टप्प्याने पुढे जाणे श्रेयस्कर मानले जाते. पात्यांची रुंदी, जाडी आणि टोकांचा आकार यांचाही भारावर परिणाम होतो. त्यामुळे एकच माप छापलेले दोन निरनिराळ्या उत्पादकांचे प्रोपेलर एकाच इंजिनावर वेगवेगळे फेरे देऊ शकतात.

भार प्रमाणाबाहेर असल्यास इंजिन तापते, उड्डाण चालू असताना त्याचा आवाज दबतो आणि ते मध्येच बंद पडू शकते. भार फार कमी असल्यास इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरते आणि कनेक्टिंग रॉड व बेअरिंग यांची झीज होते. नवे इंजिन रुळविताना थोड्या कमी भाराचा प्रोपेलर व तेलाचे अधिक प्रमाण असलेले इंधन वापरण्याची पद्धत आहे.

इंजिनाचा प्रकार

ग्लो इंजिनात मिथेनॉल, एरंडेल किंवा कृत्रिम तेल आणि काही वेळा नायट्रोमिथेन यांचे मिश्रण जळते व प्रज्वलनासाठी तापणारी तार असलेला प्लग असतो. ही इंजिने जास्त फेऱ्यांना उत्तम शक्ती देतात. प्रतिकृती विमानांच्या डिझेल इंजिनात ईथर, केरोसीन व एरंडेल यांचे मिश्रण केवळ दाबाने पेटते. कमी फेऱ्यांना त्याचा पीळ चांगला असल्याने समान क्षमतेच्या ग्लो इंजिनापेक्षा डिझेल इंजिनास किंचित मोठा प्रोपेलर चालतो.

डिझेल इंजिनात प्रोपेलर बदलल्यावर दाबाचा स्क्रूही पुन्हा जुळवावा लागतो. जड भाराचा प्रोपेलर लावल्यास दाब थोडा कमी करावा लागतो, तर हलक्या भारास व जास्त फेऱ्यांना तो वाढवावा लागतो. ही जुळवणी न करता घेतलेली तुलना दिशाभूल करणारी ठरते.

इंजिनाच्या क्षमतेनुसार चाचणीचा आरंभ करण्यासाठी पुढील मापे सामान्यतः वापरली जातात:

• ०.८ सीसी : ५×३, ६×३
• १.५ सीसी : ७×४, ८×४
• २.५ सीसी : ८×४, ८×६, डिझेलसाठी ९×४ देखील
• ५.७ ते ६.५ सीसी : १०×५, १०×६
• ७.५ सीसी : ११×५, ११×६
• १० सीसी : १२×६ व त्याच्या जवळची मापे

इंजिनासोबत उत्पादकाची शिफारस उपलब्ध असल्यास तीच प्रथम ग्राह्य धरली जाते.

तारांचा ताण आणि फेरीचा वेळ

तारा ताणलेल्या असतील तोपर्यंतच कंट्रोल लाइन विमान नियंत्रणात असते. तारा सैल पडताच मुठीची हालचाल एलिव्हेटरपर्यंत पोहोचत नाही आणि विमान कोसळण्याची शक्यता निर्माण होते. हा ताण प्रामुख्याने वर्तुळाकार गतीमुळे निर्माण होतो. तो विमानाचे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या, एवढा असतो.

उदाहरणार्थ, ६०० ग्रॅम वजनाचे शिकाऊ विमान १५.९२ मीटर त्रिज्येवर ४.५ सेकंदांत एक फेरी पूर्ण करीत असेल, तर त्याचा वेग ताशी सुमारे ८० किलोमीटर आणि तारांवरील ओढ सुमारे १.९ किलोग्रॅम वजनाइतकी असते. तेच विमान फेरीस ६ सेकंद घेऊ लागले, तर वेग ताशी ६० किलोमीटरवर येतो आणि ओढ सुमारे १.१ किलोग्रॅम वजनाइतकीच उरते. वेग एक चतुर्थांशाने घटला असता ताण मात्र जवळजवळ निम्म्यावर येतो. अपुऱ्या पिचचा प्रोपेलर नवशिक्यास सोपा वाटत असला, तरी वाऱ्याच्या दिवशी तो धोकादायक ठरतो, याचे कारण हेच आहे.

इष्ट वेगावरून पिचचा अंदाज काढता येतो. वरील विमानास ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदास २२.२ मीटर वेग हवा आहे, घसर १५ टक्के आहे आणि इंजिन हवेत मिनिटास ११,००० फेरे घेते असे मानल्यास पिच-वेग सेकंदास सुमारे २६.१ मीटर असावा लागतो. सेकंदास १८३.३ फेरे होत असल्याने एका फेऱ्यात १४.२ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ५.६ इंच अंतर कापले गेले पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या मापांपैकी ६ इंच पिच यास सर्वांत जवळचा आहे. त्यानंतर इंजिन ११,००० फेरे घेऊ शकेल असा व्यास चाचणीने ठरवितात. २.५ सीसी इंजिनासाठी तो ८ इंचांच्या आसपास येतो.

जमिनीवर मोजलेले फेरे व हवेतील फेरे यांत फरक असतो. विमान पुढे सरकू लागल्यावर पात्यांवरील भार हलका होतो व फेरे वाढतात. त्यामुळे अंतिम निर्णय टॅकोमीटरवरून न घेता स्टॉपवॉचने मोजलेल्या फेरीच्या वेळेवरून घेतला जातो. अनेक फेऱ्यांचा एकत्रित वेळ मोजून त्याची सरासरी काढल्यास चूक कमी होते.

उड्डाणाच्या प्रकारानुसार निवड

शिकाऊ विमान: स्थिर वेग, सहज सुरू होणारे इंजिन आणि आदळल्यावर सहज न तुटणारा प्रोपेलर यांना प्राधान्य असते. मध्यम पिचचा, काचतंतुमिश्रित नायलॉनचा प्रोपेलर यासाठी उपयुक्त ठरतो.

कसरती: या प्रकारात विमान उभे चढत असताना वेग घटू नये आणि खाली येताना तो अनावर वाढू नये, अशी अपेक्षा असते. मोठ्या व्यासाचा व मर्यादित पिचचा प्रोपेलर चढताना ओढ देतो आणि उतरताना काही अंशी ब्रेकसारखे कार्य करतो. जुन्या पद्धतीत ५.७ सीसी इंजिन १०×६ प्रोपेलरसह काहीसे गडद मिश्रणावर चालवीत असत. सपाट उड्डाणात इंजिन एक फेरा सोडून पेट घेते व चढताना भार वाढताच प्रत्येक फेऱ्यात पेटू लागते. १९८० च्या दशकापासून ट्यून्ड पाइपसह कमी पिच व जास्त फेरे ही पद्धतही प्रचलित झाली. तीन पात्यांच्या प्रोपेलरमुळे कमी व्यासात पुरेसा रेटा मिळतो व जमिनीपासूनचे अंतर वाढते.

वेग: येथे लहान व्यास व मोठा पिच लागतो. एफ-२ए प्रकारात एकाच पात्याचा आणि दुसऱ्या बाजूस समतोल वजन असलेला प्रोपेलर वापरला जातो. या विमानांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. पात्याच्या टोकाची गती ध्वनीच्या वेगाजवळ गेल्यास कार्यक्षमता घटते व आवाज वाढतो, त्यामुळे व्यासावर मर्यादा येते.

सांघिक शर्यत: वेगाबरोबरच एका टाकीत किती फेऱ्या पूर्ण होतात हे महत्त्वाचे असते. अतिशय वेगवान परंतु इंधन जास्त खाणारा प्रोपेलर एक अधिक थांबा घ्यावयास लावतो आणि मिळविलेली आघाडी गमावली जाते.

झुंज: तीव्र वळणांनंतर वेग लगेच परत मिळविणे आवश्यक असल्याने पिच मध्यम ठेवला जातो.

फिरण्याची दिशा व समतोल

बहुतेक कंट्रोल लाइन विमाने वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने उडतात व त्यांचा डावा पंख वैमानिकाकडे असतो. नेहमीचा प्रोपेलर मागून पाहता काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याच्या प्रतिक्रियेने विमान डावीकडे, म्हणजे वैमानिकाकडे झुकू पाहते. हा परिणाम कमी वेगात अधिक जाणवतो. फिरत्या प्रोपेलरच्या भोवऱ्यासारख्या परिणामामुळे नाक वर उचलताना विमान वर्तुळाबाहेर वळते व तारा ताणल्या जातात. नाक खाली नेताना ते आत वळते व तारा सैल होऊ पाहतात. प्रोपेलर जितका जड व मोठा, तितका हा परिणाम ठळक असतो. म्हणून कसरतींसाठी हलक्या प्रोपेलरला पसंती दिली जाते. उलट दिशेने फिरणारा प्रोपेलर वापरल्यास हे दोन्ही परिणाम उलटतात.

प्रोपेलरचा समतोल बसविल्याशिवाय त्याचा वापर करू नये. मधल्या छिद्रातून सरळ दांडा घालून तो आडवा धरल्यास जड पाते खाली जाते. त्याचे पृष्ठ बारीक पॉलिश कागदाने घासून दोन्ही पाती समान वजनाची केली जातात. असमतोल प्रोपेलरमुळे थरथर निर्माण होते, टाकीतील इंधनात फेस येतो, इंजिनास हवेचे बुडबुडे जातात आणि ते अनियमित चालते. प्रोपेलर बसविताना सिलिंडरमधील दाब सुरू होण्याच्या स्थितीत पाती आडवी राहतील अशी योजना केल्यास, इंधन संपल्यावर इंजिन बहुधा त्याच स्थितीत थांबते आणि उतरताना पाते जमिनीस लागून तुटण्याची शक्यता कमी होते.

उंची व हवामानाचा परिणाम: वाशीम जिल्ह्याचे उदाहरण

पुस्तकांत व उत्पादकांच्या पत्रकांत दिलेली मापे सर्व ठिकाणी सारखेच परिणाम देत नाहीत. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा याचे उदाहरण म्हणून घेता येतो. वाशीम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळ्यात तेथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. प्रमाण वायुदाब गृहीत धरून कोरड्या हवेची घनता काढल्यास ती पुढीलप्रमाणे येते:

• समुद्रसपाटी, ३० अंश (मुंबईसारखे ठिकाण) : घनमीटरला सुमारे १.१६ किलोग्रॅम
• वाशीम, हिवाळ्यातील सकाळ, १२ अंश : सुमारे १.१६ किलोग्रॅम
• वाशीम, उन्हाळ्यातील दुपार, ४० अंश : सुमारे १.०६ किलोग्रॅम

हिवाळ्यातील सकाळी वाशीमची हवा मुंबईच्या उष्ण हवेइतकीच दाट असते, तर मे महिन्यातील दुपारी ती सुमारे ९ टक्क्यांनी विरळ होते. विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते, परंतु प्रोपेलरवरील भारही त्याच प्रमाणात घटतो. त्यामुळे टॅकोमीटरवरील आकडा फारसा बदलत नाही व सर्व काही ठीक आहे असा समज होतो. प्रत्यक्षात त्याच फेऱ्यांना रेटा कमी मिळतो. सपाट उड्डाणात हवेचा अवरोधही घटल्याने वेग जवळजवळ तोच राहतो, मात्र विमानाचे वजन घटत नाही. म्हणून चढताना आणि वर्तुळाच्या माथ्यावर शक्ती व पंखांची उचल या दोन्ही अपुऱ्या पडू लागतात. अशा वेळी व्यास अर्धा इंच वाढवून पिच थोडा कमी करणे, विमान हलके ठेवणे आणि शक्यतो सकाळी उड्डाण करणे हे उपाय योग्य ठरतात. व्यास वाढविताना इंजिन अधिक तापत नाही ना, हे पाहणे आवश्यक असते.

डिझेल इंजिनाच्या बाबतीत उन्हाळ्यात आणखी एक अडचण उद्भवते. ईथरचा उत्कलनबिंदू सुमारे ३४.६ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे विदर्भातील उन्हाळी दुपारच्या तापमानापेक्षा कमी. डबा उघडा राहिल्यास इंधनातील ईथर लवकर उडून जाते, इंजिन सुरू होत नाही किंवा अडखळते आणि दोष प्रोपेलरला दिला जातो. ईथरची वाफ अत्यंत ज्वलनशील असल्याने इंधनाचा डबा घट्ट बंद, सावलीत व ज्योतीपासून दूर ठेवावा लागतो.

जमिनीचाही विचार करावा लागतो. या भागातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व कडक होते. अशा मैदानावर लाकडी प्रोपेलर आदळताच तुटतो, तर धुळीतील खडे नायलॉनच्या पात्याच्या पुढील कडेवर खाचा पाडतात. चाके लहान असतील तर कमी व्यासाचा प्रोपेलर निवडणे किंवा विमान हाताने सोडणे सोयीचे असते.

प्रोपेलरचे साहित्य

लाकडी प्रोपेलर हलका व ताठ असतो, त्यास घासून आकार देणे सोपे असते आणि अपघातात तोच तुटल्याने इंजिनाचा दांडा बहुधा वाचतो. काचतंतुमिश्रित नायलॉनचा प्रोपेलर टिकाऊ असतो, मात्र अधिक जड असतो. साधा नायलॉन जास्त फेऱ्यांना वाकतो व त्याचा पिच बदलतो. कार्बन तंतूंचा प्रोपेलर सर्वांत ताठ व महाग असून प्रामुख्याने स्पर्धांत वापरला जातो. धातूच्या पात्यांचे प्रोपेलर धोकादायक असल्याने निषिद्ध मानले जातात.

सुरक्षितता

मिनिटास १०,००० फेरे घेणाऱ्या १० इंची प्रोपेलरच्या टोकाची गती सेकंदास सुमारे १३३ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ४८० किलोमीटर असते. फिरती पाती डोळ्यांना दिसत नाहीत व बोटांना गंभीर इजा करू शकतात. यासाठी पुढील दक्षता घेतली जाते:

• तडा, खाच किंवा पांढरट वळ दिसणारा प्रोपेलर चिकटवून पुन्हा वापरला जात नाही. तो मोडून टाकला जातो.
• इंजिन सुरू करताना रबर लावलेली काठी किंवा जाड हातमोजा वापरतात. सैल बाह्या, ओढणी व गळ्यातील दोरी दूर ठेवतात.
• पात्यांच्या फिरण्याच्या प्रतलात कोणीही उभे राहत नाही. नीडल व्हॉल्व्हची जुळवणी प्रोपेलरच्या मागील बाजूने करतात.
• पात्यांची टोके पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाने रंगविल्यास फिरणारे वर्तुळ दिसते.
• अधिक पिचच्या प्रोपेलरमुळे वेग व ताण वाढत असल्याने उड्डाणापूर्वी तारा, मूठ व बेलक्रँक यांची ओढून चाचणी घेतात आणि मुठीचा पट्टा मनगटात अडकवितात.
• विजेच्या तारांजवळ उड्डाण करीत नाहीत. पोलादी नियंत्रणतार वीजवाहिनीस लागल्यास किंवा तिच्या फार जवळ गेल्यास वैमानिकाचा मृत्यू होऊ शकतो. शेतपंपांच्या वाहिन्या गावालगतच्या मैदानांवरूनही जात असल्याने वर्तुळ आखण्यापूर्वी चारही दिशांना पाहणी करणे अनिवार्य ठरते. ढगांचा गडगडाट असतानाही उड्डाण थांबविले जाते.